मापाची गिटार

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

एकाच स्टेशनाच्या अंतरावर राहणाऱ्या बहिणीला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस. आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतोय तेवढाच, आणि तोही फक्त दवाखान्यात जायचं असलं की. बाजारात जायचं असलं की तो गप्प असतो. पत्र लिहायचं कारण तुझा फोन. गेल्या रविवारी तू गॅलरीत जाऊन कुजबुजत विचारलंस, ‘यशू, राजरत्नना हो म्हणू का गं?’ मी तोंड उघडते न उघडते तोच तुझी सून वाळलेले कपडे काढायला आली असणार, कारण पुढच्याच क्षणी तू मला मोठ्या आवाजात मेथी किती महाग झालीये ते सांगायला लागलीस. त्या मेथीवर आपण बराच वेळ बोललो. मी तर मेथीचे पराठे कसे करतात तेही तुला विचारलं, जसं काही मला येतच नाहीत. फोन ठेवल्यावर मी ठरवलं, हे उत्तर फोनवर द्यायचं नाही. तुझ्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो आणि सम्यक काही बोलत नसला तरी त्याचे कान चांगले आहेत. पत्र पायलबरोबर पाठवतेय. तिला सांगून ठेवलंय, मावशीच्या हातातच द्यायचं, तेजलवहिनींच्या नाही.

उत्तर मी देणारच आहे, मेथीवर नेऊन टाळणार नाही. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. मला कल्याणला जायला सांगितलं तरी मी कर्जतकडे तोंड करून निघते. त्यामुळे आधी माझ्या गिटारचं ऐकावं लागेल. वैतागू नकोस, माझं उत्तर तिथूनच येतंय.

गिटार कशाला, हे मला सगळ्यांनी विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. अभिजीतला म्हटलं, आनंदनगरला कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर बसून बोटं आखडतात, व्यायाम हवा. आईला म्हटलं, पायलला सोबत म्हणून. पायलला म्हटलं, आजीला करमत नाही म्हणून. शेजारच्या बनूबाईंनी विचारलं तेव्हा मी नुसती हसले, तर त्यांनी अख्ख्या मजल्यावर सांगून टाकलं की शेहेचाळिशीत बायकांना असं काहीतरी होतंच, मनावर घेऊ नका. तुला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं. नुसता फोटो पाठवला होता आणि तू उत्तरादाखल अंगठा पाठवलास. एवढंच. मला जरा रागच आला होता तुझ्या अंगठ्याचा.

आता खरेदीचं सांगते. आपल्या घरात कुणी कधी एकट्याने काही विकत घेतलंय का? आईची चप्पल घ्यायची तरी चौघं जातात. गिटार घ्यायला आम्ही पाच जण गेलो: मी, अभिजीत, पायल, आई, आणि बनूबाई, कारण त्यांना तिकडून पापड घ्यायचे होते. कॅम्प चारला, आपल्या जुन्या बाजारात. दुकानदार सिंधी, केस पांढरेशुभ्र, येणाऱ्या प्रत्येक बाईला ‘अदी’, म्हणजे ताई, म्हणणारा. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, निळ्या, काळ्या, एक तर चक्क जांभळी. मला काय कळतंय त्यातलं? मी एक हातात घेतली, तर आईने शेजारून तारेवर बोट दाबून पाहिलं आणि ओरडली, ‘अगं, ही तर सुरी आहे!’ मग त्या माणसाने दुसरी काढली, नायलॉनच्या तारांची. मऊ. आईला तारा पसंत पडल्या. पण त्या प्रकारच्या गिटारची मान रुंद असते. मान म्हणजे तो लांब भाग, ज्याच्यावर डाव्या हाताची बोटं ठेवायची असतात. अभिजीतने ती हाताने मोजली आणि खूश झाला. म्हणाला, जागा जास्त आहे, बोटं एकमेकांवर चढणार नाहीत. आमचा फ्लॅट घेताना हॉल बघून अगदी असाच बोलला होता. मी मान हातात धरली तर माझा अंगठा मागे कुठेतरी हरवला, आणि करंगळी तर जाड तारेपर्यंत पोचतच नव्हती. मी तसं म्हणणार होते. तेवढ्यात आईने निकाल दिला, ‘मोठीच घे. पुढे उपयोगी पडेल.’ झालं. कव्हर चढलं, चेन लागली, रिक्षा बोलावली गेली.

मोठंच घे, पुढे उपयोगी पडेल. ताई, या वाक्यावर आपल्या दोघींचं बालपण गेलं गं. टेकडीवरच्या त्या खोलीत जून उजाडला की तुझा नवा ड्रेस यायचा, आणि तो तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलीला बरोबर बसेल असा असायचा. खाली आई चार बोटं दुमडून शिवायची, बाह्या मनगटाच्या खाली यायच्या. बुटाच्या टोकात कापूस. दोन वर्षांनी तो ड्रेस तुला कुठे नीट बसायला लागला की तो माझ्याकडे यायचा, आणि मी चार वर्षांनी लहान, म्हणून मला परत मोठा. म्हणजे तुला आधी सैल, मला नंतर सैल, आणि मधे जे थोडे महिने तो तुला अंगाबरोबर बसायचा, तेवढीच त्या कपड्याची ऐट. मी तर अख्खी शाळा कापसावर चालले. आणि गंमत बघ, बूट मोठा आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, माझा पाय लहान आहे.

गिटारचंही तसंच झालं. बेकरीच्या वर आमचा क्लास आहे. शिकवणारी वैदेही, असेल तेविशीची, डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली आणि उजव्या हाताची वाढवलेली. मला काकू म्हणते पण रागावते मात्र मला सगळ्यांपेक्षा जास्त. माझ्या शेजारी चौथीतली एक मुलगी बसते. ती भराभर कॉर्ड बदलायची आणि मी एक कॉर्ड लावायची म्हणजे बोटं उजव्या हाताने उचलून एकेक जागेवर ठेवायची. मनगट इतकं वाकायचं की दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाचा कप धरवायचा नाही. अंगठ्याच्या मुळाशी ठणका. घरी कुणी विचारलं की मी म्हणायची, होईल सवय. ती चौथीतली मला म्हणाली, ‘आंटी, टेन्शन मत लो, मलापण पहिले नाही यायचं.’ कुठून कोण आपल्याला धीर देईल सांगता येत नाही.

होईल सवय. हेही आपल्याच घरातलं. तुझं लग्न झालं तेव्हा तू विशीची होतीस. तिकडे आठ माणसांचं घर, दोन दिरांचे डबे, सासूबाईंचं पथ्य. पहिल्यांदा माहेरी आलीस तेव्हा तुझ्या हाताला पोळल्याचे डाग होते आणि तू आईला हेच म्हणालीस, होईल सवय. आणि झालीही गं, खोटं कशाला बोलू. भाऊजी माणूस चांगला होता, त्यांनी तुला कधी दुखवलं नाही. तू त्या घराएवढी झालीस. मग ते घर सुटलं, भाऊजी गेले, आणि आता सम्यकचा तो मोठा फ्लॅट. सम्यक लाखातला पोरगा आहे, तेजलही तुला काही कमी करत नाही. पण परवा आले होते तेव्हा पाहिलं, तीन खोल्यांच्या त्या घरात तू हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी कडेला बसतेस, पाहुण्यासारखी, कुणी आलं की लगेच उठता यावं अशी. तुझ्या लक्षात आलंय का ते?

असो. गिटारकडे येते. एका शनिवारी मी कंपनीतून थेट क्लासला गेले, गिटार घरीच. वैदेहीने कुरकुरत तिची स्वतःची दिली. फिक्या पिवळ्या लाकडाची, रंग उडालेली, दिसायला काहीच नाही. लोखंडी तारांची, म्हणजे आईच्या भाषेत सुरी. मी मान हातात घेतली आणि ताई, माझा अंगठा आपोआप मागे जाऊन बसला. बोटं खाली उतरली ती थेट जागेवर. टोचलं, पण मनगट वाकलं नाही. जी कॉर्ड अडीच महिन्यांत कधी वाजली नव्हती, म्हणजे वाजायची पण खोकल्यासारखी, ती अख्खी वाजली. क्लासमधली मुलं वळून बघायला लागली. वैदेहीने माझी गिटार कशी आहे ते विचारलं, मी सांगितलं, तशी तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, ‘काकू, एवढी रुंद मान कुणी घ्यायला सांगितली? तुमचा हात आता वाढणार नाहीये.’ मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीच आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी सांगत होतं की बाई, तू जेवढी व्हायची तेवढी झालीस. तुला सांगते, इतकं बरं वाटलं ते ऐकून.

मग तिने मला नीट समजावलं. गिटारचा रंग बघायचा नाही, पॉलिश बघायचं नाही. दुकानात स्टुलावर बसायचं, पण घरी बसतो तसं, ताठ फोटोतल्यासारखं नाही. अंगठा मानेच्या मागे, चार बोटं चार पट्ट्यांवर ठेवायची, आणि तशीच ठेवून एक चहा प्यायचा, उजव्या हाताने. चहा संपेपर्यंत डावं मनगट काही बोललं नाही तर ती गिटार तुमची. तारा बोटाला टोचतात ते महिन्याभरात कमी होतं, कातडी जाड होते. मान मोठी असेल तर ते कधीच कमी होत नाही, तुम्हीच वाकड्या होता. हे ती तेविशीची पोर मला सांगत होती आणि मी मनात तुझे हिशेब मांडत होते, ते असू दे.

घरी येऊन मात्र मी गप्प. सांगणार कसं? आपल्याकडे आणलेली वस्तू बसत नाही असं कुणी म्हणालंय का कधी? पाच माणसं जाऊन, हौसेने घेऊन आली. मी त्याच रुंद गिटारवर पुन्हा सुरू केलं. एका संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून अंगठ्याला बाम चोळत होते, आई खाली बसून लसूण सोलत होती. तिने वर न बघताच विचारलं, ‘मोठी होते का गं तुला?’ माझ्या तोंडावर आलं होतं, नाही गं, होईल सवय. पण वैदेहीचं ते वाक्य कानात होतं. मी म्हणाले, ‘हो आई. मोठी होते.’ बस्स, एवढंच. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आई लसणाच्या हाताने उठली, माझा तळवा स्वतःच्या तळव्याला लावून पाहिला. सारखे, ताई. अगदी बोटाला बोट. मग ती तिथेच स्टुलावर बसली आणि तिने मला जे सांगितलं ते तुला माहीत आहे की नाही मला माहीत नाही. आपल्या दोघींच्या मधे एक भाऊ होता. तू दोन वर्षांची होतीस तेव्हा झाला, तुला आठवायचं कारण नाही. आईने त्याच्यासाठी झबलं शिवलं होतं, अगदी मापात, काखेत घडी नाही, गळ्याला सुरकुती नाही. गोजरबाई म्हणून कुणी शेजारीण होती, ती बोलून गेली, ‘थोडं सैल तरी शिवायचं, पोरगं वाढतंय.’ ते पोरगं वाढलं नाही. तापात गेलं. आई म्हणाली, ‘तवापासून मी मापाचं शिवलंच नाही. सैल शिवलं की वाटायचं, आता हे घालायला तरी पोरी मोठ्या व्हाव्याच लागतील.’ बाबांना हे तिने कधी सांगितलं नव्हतं. ते आपले शेवटपर्यंत समजत राहिले की बायको काटकसरी आहे. मी तिच्या पायाशी बसले होते आणि मला त्या सगळ्या दुमडी आठवत होत्या, चार चार बोटांच्या. आपण त्या गरिबीच्या समजत होतो ना गं? काही तशाही असतील. पण सगळ्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघीच गेलो, आई आणि मी. गुडघा अर्थातच गप्प होता. रिक्षा आपल्या जुन्या मैदानावरून गेली, जिथे तुझ्या लग्नाचा मांडव पडला होता. आता तिथे गाड्या लावतात. आईने रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला लावली. दोघींनाही तेच आठवत असणार, मांडवातली लाइट गेली ते. मंडळाचा कीबोर्ड, माइक, सगळी तयारी होती. बाबा गायन पार्टीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत गायले, आणि त्या दिवशी ते तुझं गाणं म्हणणार होते, तू पहिलीत गेलीस तेव्हा त्यांनी केलेलं, तुझ्या नावाचं. सबंध लग्नात तू तेवढं एकच मागितलं होतंस. ते उभे राहिले आणि कीबोर्ड बंद पडला. साथीशिवाय त्यांचा आवाज फुटेना. लेकीच्या लग्नात कुठल्या बापाचा फुटतो? हातात मुका माइक धरून ते म्हणाले, ‘लाइट आली की म्हणू.’ लाइट आली तेव्हा तुमची गाडी निघून गेली होती.

दुकानात तो सिंधी आधी वैतागला. म्हणाला, ‘अदी, लोग छोटा ले जाते हैं, फिर बड़ा लेने आते हैं. आप उल्टा आई हो.’ पण मनाचा चांगला. गिटार फिरवून फिरवून तपासली, ओरखडा नाही बघून परत घ्यायला तयार झाला. मी स्टूल मागितलं आणि चहाही मागितला. एकेक गिटार मांडीवर घेऊन, बोटं पट्ट्यांवर ठेवून मी उजव्या हाताने चहा पीत बसले, तर तो आईकडे बघून हळूच विचारतो, ‘इनकी तबीयत ठीक है ना?’ पहिली घेतली, चहा अर्धा झाला आणि मनगट बोललं. दुसरीची मान बारीक पण पाठीमागे इतकी फुगीर की अंगठा घसरायचा. मधेच त्याने पुन्हा एक मोठी, चकचकीत काळी काढली. ‘ये लो अदी, बड़ा पीस है, लाइफटाइम चलेगा.’ मी नको म्हणणार होते, पण माझ्या आधी आईच बोलली. ताई, ती कशी बोलली ते तुला ऐकवायला हवं होतं. काउंटरवर हात आपटून म्हणाली, ‘नको भैया, बड़ा नको. इसके माप का दिखाव. बहोत मोठा मोठा पेहना इसने.’

तो माणूस हसला नाही. त्याने आत जाऊन एक आणली, साधी, तपकिरी, काचेच्या कपाटातसुद्धा न ठेवलेली. चहा संपला. दुसरा कप मागवला, तोही संपला. मनगट गप्प. आईने खात्रीसाठी माझं मनगट दोन बोटांनी चाचपून पाहिलं, नाडी बघतात तसं, आणि म्हणाली, ‘हीच.’

नंतर आम्ही दाल पकवान खायला बसलो. आईला दात नाहीत पण पकवान डाळीत बुडवून ती दोन खाते. दुसऱ्या पकवानावर तिने मला विचारलं, ‘चांगुणेकडे तो फोटोवाला येतो का गं अजून, चिकू घेऊन?’ मी घास तोंडात तसाच धरून बसले. फोटोवाला म्हणजे एक्स-रेवाले, म्हणजे तुझ्या हॉस्पिटलातले राजरत्न सर. तिला सगळं माहीत आहे, ताई. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला तू तिला नेलंस ना, तेव्हाच. म्हणाली, ‘माझा पाय त्याने मशीनखाली ठेवला तो असा, फुलासारखा. आणि बोलत माझ्याशी होता, बघत चांगुणेकडे होता.’ मग तिने त्यांच्याबद्दल मला मी विचारलं नसतं तेही विचारलं: बायको जाऊन किती वर्षं झाली, पितो का, घर केवढं. मी सांगितलं, बदलापूर गावाकडे दोनच खोल्या आहेत, पण अंगणात चिकूचं झाड आहे. तू मला म्हणाली होतीस ना, बाकी कुणाचं काही नाही, पण आईला काय तोंड दाखवू? तर आईचं उत्तर ऐक, तिच्याच शब्दांत लिहिते: ‘तिला म्हणावं, दोन खोल्या पुष्कळ झाल्या. आता तरी आपल्या मापाचं बघ.’

आता माझं उत्तर. हो म्हण. लोक बोलतील, थोडे दिवस बोलतील, मग बनूबाईंना बोलायला माझी गिटार मिळाली तसं त्यांना दुसरं काहीतरी मिळेल. सम्यकचं म्हणशील तर त्याच्याशी अभिजीत बोलला, तुला न विचारता, रागाव हवं तर. सम्यक एवढंच म्हणाला, ‘मम्मी स्वतःहून सांगत का नाही? मी काय परका आहे?’ तेव्हा आधी त्याला सांग, आणि स्पीकर लावूनच सांग. राजरत्न सरांना मी एकदाच पाहिलंय, तुला रिक्षाने आमच्या दारापर्यंत सोडायला आले होते तेव्हा. चहा घेतला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, आणि तू त्यांच्यासमोर खुर्चीत पाठ टेकून बसली होतीस. सोफ्याच्या कडेला नाही. मी तेव्हाच ठरवून टाकलंय की भाऊजी हा शब्द भाऊजींचाच राहू दे, यांना मी दाजी म्हणेन.

आणि गिटार कशाला, ते खरं आता फक्त तुला सांगते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू चिकूची पिशवी घेऊन आलीस आणि पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलंस, घेताना विनाकारण चिकू पुसत बसलीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी गिटार घ्यायला गेले. कीबोर्डला लाइट लागते, ताई. हिला लागत नाही. बाबांचं ते गाणं मला अख्खं पाठ आहे. तुझ्या मागे बसून मीही ते ऐकतच मोठी झाले, आणि माझ्या नावाचं का नाही म्हणून रडलेही होते. वैदेहीने ते ऐकून कॉर्ड बसवून दिल्या. सगळ्या सोप्या, फक्त जिथे तुझं नाव येतं तिथे नेमकी एफ येते, आणि ती शिकणाऱ्याला रडवते. एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या असतात. त्या मोठ्या गिटारवर मी तुझ्या नावापाशी येऊन दरवेळी अडकत होते. आज सकाळी, आई चहा घेऊन शेजारी बसलेली असताना, ती पहिल्यांदा स्वच्छ वाजली आणि तुझं नाव न अडखळता पार झालं. आईने कप खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, लिही तिला. म्हणून लिहितेय. विहारात विचारून तारीख ठरव आणि कळव. त्या दिवशी लाइट असली काय अन् गेली काय, गाणं होणार.

तुझीच,
तुझे सैल कपडे घालून मोठी झालेली,
यशू